बिनआठीची वरमाय

भाच्याच्या लग्नात वन्सं भर मांडवात रुसून बसल्या होत्या, ही बातमी आम्हाला अक्षता पडल्यावर, पंगती उठल्यावर आणि हॉलवाल्याला किल्ली परत दिल्यावर कळली. तीही खुद्द वन्संनीच दिली.

"सकाळपासून रुसलेय मी! एकानं म्हणून विचारलं नाही!"

विचारणार कसं? सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत त्यांचं कपाळ तुकतुकीत आणि मुद्रा प्रसन्न. मुलीकडची मंडळी तर "विहीण मिळावी तर अशी" म्हणून दिवसभर देवाचे आभार मानत होती.

वरमायेचा रुसवा ही काही हवी तशी उरकायची गोष्ट नाही. त्याला रीत आहे. आधी वरमायेनं कपाळाला आठी घालायची. मुलीकडच्या एखाद्या चाणाक्ष मावशीनं ती हेरायची. मग आतल्या खोलीत कुजबुज, "त्यांच्या जावेची ओटी राहिली वाटतं," "अगं, आधी फराळाचं ताट पाठवा," अशी धावपळ. शेवटी एखादी साडी नाहीतर चांदीची वाटी पुढे येते आणि वरमाय "अहो, हे कशाला!" म्हणत ती पिशवीत टाकते. एवढा सगळा कारभार आठीपासून सुरू होतो. आणि वन्संनी लग्नाच्या तोंडावर नेमकी आठीच सुई टोचून बंद करून घेतली होती.

आठी काय चीज आहे, हे मराठी घरात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. दोन भुवयांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या त्या एक-दोन रेघा घरातला सगळा बंदोबस्त सांभाळतात. मुलानं ओला टॉवेल पलंगावर टाकला, आठी. रात्रीचे अकरा वाजले तरी पाहुणे उठायचं नाव घेत नाहीत, आठी. नवऱ्यानं चारचौघांत आपल्या बदलीचा जुनाच किस्सा काढला, आठी. एक शब्द न बोलता टॉवेल दोरीवर जातो, पाहुण्यांना शेवटची लोकल आठवते आणि किस्सा घशातच राहतो. वन्संची आठी तर आमच्या घराण्यात नावाजलेली. त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. वर्गाच्या दारात नुसत्या उभ्या राहिल्या तरी मागच्या बाकावरच्या मुलांना पाढे आठवायचे.

बिघडलं ते साखरपुड्याच्या फोटोंवरून. हल्लीचे फोटोवाले "इकडे बघा, हसा" असं सांगत नाहीत. ते खांबाआड लपतात आणि आपण बेसावध असताना फोटो काढतात. त्याला कँडिड म्हणतात आणि त्याचे जास्त पैसे घेतात. वन्संच्या अशा प्रत्येक फोटोत दोन भुवयांमध्ये ती आठी. पेढा भरवताना आठी, अंगठी बघताना आठी, एका फोटोत तर नुसतं मठ्ठा पिताना आठी.

"मी एवढी चिडकी दिसते?" वन्संनी विचारलं.

भावोजी चष्मा पुसायला लागले. आमच्या ह्यांना एकदम बाहेर कुणाचा तरी फोन आला.

फोटोवाला म्हणाला, "मॅडम, फोटोतली रेघ मी खोडून देतो. व्हिडिओतली अवघड जाईल." झालं. वन्सं आधी कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये गेल्या, कारण आठी घालवणाऱ्या सुईचं औषध म्हणजे बोटॉक्स आणि तिथे काचेवर "बोटॉक्स" असंच ठळक लिहिलेलं होतं. ते निघालं केसांचं. नाव तेच, पण त्यात ते औषध औषधालासुद्धा नसतं. केस गुळगुळीत करायचा तो एक लेप. वन्सं झुळझुळीत केस घेऊन घरी आल्या. आठी होती तिथेच होती. बिल बघितल्यामुळे जरा खोल गेली होती, इतकंच.

मग मात्र त्यांनी रीतसर त्वचारोगतज्ज्ञ गाठायचं ठरवलं. सोबतीला मी. ही बातमी कळताच आमच्या ह्यांनी मोबाइल उघडला. निवृत्त माणसाच्या हातात मोबाइल आणि समोर आयता श्रोता असला की चहा गार होतो.

"ताई, हे बोटॉक्स म्हणजे विष आहे. माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत जालीम विषांपैकी एक."

"थोडंच घ्यायचंय," वन्सं म्हणाल्या.

"अगं, जर्मनीत लोक शिळं सॉसेज खाऊन मरायचे. 1820 च्या सुमारास युस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरनं त्याचा पिच्छा पुरवला. ते विष स्वतः चाखून बघितलं. कवीसुद्धा होता तो."

"मग मेला?"

"नाही. उलट त्यानं लिहून ठेवलं की अगदी थोड्या मात्रेत याचं औषध होईल."

"तेच म्हणतेय मी!" वन्संना थेट जर्मनीतून पाठिंबा मिळाला.

हे हटले नाहीत. 1895 मध्ये बेल्जियममधल्या एका खेड्यात मयताला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खराब हॅम खाल्लं, त्यातले तिघे दगावले आणि त्याच हॅममधून एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञानं हे विष तयार करणारा जंतू शोधून काढला, हेही त्यांनी वाचून दाखवलं.

"आपला बँड शाकाहारी आहे," भावोजी म्हणाले. त्यांनी ॲडव्हान्स दिला होता.

पुढची हकिकत मात्र मलाही आवडली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट नावाच्या नेत्रतज्ज्ञानं हे विष अगदी सूक्ष्म मात्रेत वापरून तिरळे डोळे सरळ करून दाखवले. 1989 मध्ये अमेरिकेत त्याला रीतसर परवानगी मिळाली. तिकडे कॅनडात, व्हँकूव्हरला, जीन कॅरुथर्स या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई फडफडणाऱ्या पापण्यांवर तेच टोचत होत्या. त्यांच्या एका पेशंटनं तक्रार केली, भुवयांच्या मध्ये का नाही टोचलंत, तिथे टोचलं की माझा चेहरा शांत दिसतो! बाईंनी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. नवरा, ॲलिस्टर, त्वचारोगतज्ज्ञ. त्यानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टच्या कपाळावर प्रयोग झाला. साल 1987. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट विष नाही. बायकोनं जेवताना सांगितलेलं नवऱ्याच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत लक्षात राहिलं, ही आहे. 2002 मध्ये आठ्यांसाठी अमेरिकेची अधिकृत परवानगी मिळाली आणि जगातल्या कपाळांचे दिवस फिरले.

"शेवटचं ऐक," हे म्हणाले. "सौदी अरेबियात उंटांची सौंदर्यस्पर्धा असते. 2018 मध्ये तिथे 12 उंट बाद केले. मालकांनी त्यांना बोटॉक्स टोचलं होतं. 2021 मध्ये तर चाळिसावर उंट बाद."

"मी स्पर्धेला उभी नाहीये," वन्सं म्हणाल्या आणि विषय संपवला. संपवला म्हणजे आठी घातली. लग्नाआधी घरात तिची ती शेवटची कामगिरी.

कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या सासूबाईंनी तेवढ्यात विचारलं, "काय करतेयस गं कपाळाला?"

"रेघा घालवतेय, आई."

"पाचवीच्या रात्री सटवाईनं लिहिलंय ते. खोडायला पैसे घेतात होय?"

दवाखाना म्हणजे पांढऱ्या भिंती, मंद संगीत आणि आपल्या मुलांच्या वयाच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी आम्हा दोघींकडे नीट बघितलं आणि आधी माझ्याशीच बोलायला सुरुवात केली. "बसा ना. काही टेन्शन आहे का?"

"नाही. माझा चेहराच असा आहे. पेशंट त्या आहेत."

मग त्यांनी वन्संच्या हातात आरसा दिला. "आता रागवा बघू." कुठले स्नायू आठी घालतात ते त्यांना पाहायचं होतं. पण ज्या बाईनं उभ्या हयातीत बिनविचारता आठ्या घातल्या, तिला सांगितल्यावर एक जमेना. वन्सं हसायलाच लागल्या. डॉक्टर म्हणाल्या, "सुनेचा विचार करा." वन्सं जास्तच हसल्या, सून त्यांनी स्वतः पसंत केली होती. तेवढ्यात रिसेप्शनवरच्या मुलीनं खर्चाचा कागद आणून दिला.

"अशाच राहा! हलू नका!" म्हणत डॉक्टरांनी पांढऱ्या पेन्सिलनं ठिपके देऊन टाकले. भुवयांच्या मध्ये पाच. त्यातला मधला अगदी टिकलीच्या जागी.

खर्च युनिटवर. मधल्या आठीला साधारण 20 युनिटं लागतात, असं कळलं. भावोजी बाहेर बसून कागदावर हिशेब करत होते. "वीस युनिटांत आमचा पंखा कितीतरी दिवस चालतो," ते मला हळूच म्हणाले. "आणि महावितरण निदान स्लॅब तरी लावतं."

औषधाची बाटली मी जवळून बघितली. करंगळीच्या पेराएवढी. आणि रिकामी! मी दुधाची पिशवी हातात तोलून घेणारी बाई. गप्प कशी बसणार?

"अहो, यात काहीच नाहीये."

डॉक्टरांनी ती उजेडात धरली. तळाला भुकटीचा इतका पातळ थर की असून नसल्यासारखा. त्यात सलाइन सोडलं, बाटली अलगद फिरवली, झालं तयार. इन्सुलिनच्या असतात तसल्या बारीक सुईनं पाच टोचण्या. नारळ खवायला लागतो त्याहून कमी वेळात सगळं आटोपलं.

"हे करतं काय नक्की?" भावोजींनी विचारलं.

डॉक्टरांनी समजावलं. आठी घाल, असा हुकूम मेंदूकडून सुटतो. तो मज्जातंतूच्या टोकापर्यंत येतो. तिथून स्नायूला जो रासायनिक निरोप जायचा, तो हे औषध अडवतं. स्नायू बिचारा पडून राहतो. तीन-चार दिवसांत फरक दिसायला लागतो, दोन आठवड्यांत पुरता.

"म्हणजे राग येणार. फक्त कपाळापर्यंत पोचणार नाही."

"बरोबर."

"मग तो जाणार कुठे?"

डॉक्टर हसल्या. भावोजी हसले नाहीत. घरी त्यांना राहायचं होतं.

पथ्य सोपं होतं. चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, खाली वाकायचं नाही. आणि नेमक्या त्याच संध्याकाळी केळवणाचं आमंत्रण करायला भावोजींच्या काकू आल्या, वय वर्षं ब्याऐंशी. काकू सोफ्यावर बसल्या आणि सवयीनं पाय पुढे केले. वन्संनी उभ्या-उभ्या हात जोडले. काकूंनी पाय आणखी थोडे पुढे केले. वन्संनी हात आणखी थोडे वर नेले.

"कंबर धरलीय का गं?"

"नाही, कपाळ," वन्संच्या तोंडून निघून गेलं.

काकूंच्या कपाळावर त्या क्षणी ज्या आठ्या उमटल्या, त्या पाहून आपण कशाला मुकलो आहोत याची वन्संना पहिली जाणीव झाली असावी.

दोन आठवड्यांत कपाळ आरशागत झालं. सगळे म्हणाले, "दहा वर्षांनी लहान दिसताय!" आणि घराची घडी विस्कटली. आधी भावोजी. त्यांना मधुमेह. इतकी वर्षं श्रीखंडाचा दुसरा चमचा वाटीकडे वळला की ते एकदा वर बघायचे आणि चमचा परत ठेवायचे. आता वर बघितलं तर समोर प्रसन्न मुद्रा. त्यांनी तिसराही चमचा घेतला.

"दिसत नाही का मी रागावलेय ते?" वन्सं कडाडल्या.

"खरं सांगू? नाही दिसत," भावोजी काकुळतीला येऊन म्हणाले. "पूर्वी तुझी आठी दिसली की मी वाक्य मधेच वळवायचो. आता अख्खं वाक्य तोंडातून बाहेर पडतं आणि मग समजतं."

दादरला साड्या घ्यायला गेलो तिथे तर कहर. गादीवर बसलेला विक्रेता गिऱ्हाइकाच्या कपाळाकडे बघून भाव आणि साडी ठरवतो. आठी दिसली की तो खालच्या कप्प्याकडे हात नेतो. वन्संचं कपाळ पाहून त्याचा हात वरवरच जात राहिला. किंमत ऐकून वन्संच्या पोटात गोळा आला, पण मुद्रेवर समाधान. "ताईंना पसंत आहे! तो बांगडीमोर पदर काढ रे!" तोंडानं त्या "महाग आहे हो" म्हणत होत्या; पण शब्दांवर कोण विश्वास ठेवतो? शेवटी मला पुढे बसवलं. मी काहीच बोलले नाही, नुसती बघत बसले. पोरानं निमूटपणे खालचा कप्पा उघडला. आमच्या घरात माझ्या चेहऱ्याचं कौतुक झालं ते तेवढंच.

दरम्यान आमचे हे रोज सकाळी आरशासमोर दाढी लांबवायला लागले होते. "पुरुषही करून घेतात म्हणे," एक दिवस सहज म्हणाले. पुरुषांचे स्नायू दणकट असतात, त्यांना बहुधा युनिटं जास्त लागतात, असं मी डॉक्टरांकडून ऐकलेलं सांगितलं. तेव्हापासून ते आपल्या कपाळाला अनुभवाचं कपाळ म्हणतात.

खरा घोळ लग्नाच्या दिवशी उलगडला. सीमांतपूजनाला विहीणबाई वन्संचे पाय धुवायला पुढे आल्या, दोघींची नजरानजर झाली आणि माझ्या पोटात धस्स झालं. विहीणबाईंचंही कपाळ तसंच! त्याच फोटोवाल्यानं त्यांचेही कँडिड फोटो काढले होते. आता लग्नाची गंमत अशी की एका विहिणीनं आठी घालायची आणि दुसरीनं ती वाचायची. इथे दोन्ही पाट्या कोऱ्या. वन्संना हळदीकुंकू राहिल्याचा राग. विहीणबाईंना पंचवीस माणसं सांगून पस्तीस आणल्याचा राग. दोघी एकमेकींकडे बघून दिवसभर मंद तेजानं तळपत होत्या. गुरुजी म्हणाले, इतकं मंगल वातावरण त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

वन्संना तोंड मुरडता येत होतं. तिथे सुई लागली नव्हती. त्यांनी मुरडलंही. पण वरमायेच्या तोंडात सतत पेढा, विडा, बडीशेप असं काही ना काही असतंच. तोंड हलण्याला कोण अर्थ देतो?

सूनमुखाच्या वेळी आरसा धरला. आरशात सासू आणि सून. त्यात आठी एकटीच्याच कपाळावर, सुनेच्या. ती बिचारी सासूचा चेहरा वाचायचा आटापिटा करत होती.

"आई, मी आवडले ना?"

"आवडलीस की!"

"नक्की?"

"नक्की!"

"मग... काही चुकलं का?"

पाठवणीला तर विहीणबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि भुवयांच्या वर मात्र दूरदर्शनच्या जुन्या बातम्या. कॅमेरावाला दोनदा म्हणाला, "काकू, जरा रडल्यासारखं करा ना." काकू खऱ्याच रडत होत्या.

मग हॉलची किल्ली परत गेली आणि भावोजींच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. राग कुठे जातो? तो तोंडावाटे बाहेर येतो. एका आठीत जे मिटलं असतं, त्याचे वन्संनी मुद्दे केले. मुद्द्यांना पोटमुद्दे. गणिताच्या बाई त्या. एकही हातचा विसरल्या नाहीत. तिकडे विहीणबाईंनीही आपली यादी फोनवर वाचली. आठी मुकी असते आणि क्षणात विरते. वाक्यं घरात राहायला येतात. त्यातली दोन-तीन अजून आमच्याकडे मुक्कामाला आहेत.

पण निसर्ग कनवाळू आहे. मज्जातंतू हळूहळू पुन्हा कामाला लागतात. तीन-साडेतीन महिन्यांनी दिवाळसणाच्या पंगतीत भावोजींचा चमचा बासुंदीच्या पातेल्याकडे निघाला. सवयीनं त्यांनी वर बघितलं. दोन भुवयांमध्ये अगदी पुसट अशी एक उभी रेघ. चमचा निमूटपणे परत आला. पलीकडच्या पाटावर बसलेल्या विहीणबाईंनीही ती रेघ बघितली आणि एकदम म्हणाल्या, "अय्या, तुम्हाला करंजी वाढायचीच राहिली!" वन्सं म्हणाल्या, "अहो, कशाला!" आणि दोन घेतल्या. नव्या नात्यातला तो पहिला सुरळीत झालेला व्यवहार.

तेव्हा वाचकहो, ज्यांना सुई टोचून घ्यायची आहे त्यांनी खुशाल घ्यावी. कपाळ ज्याचं त्याचं आहे. फक्त चांगल्या शिकलेल्या डॉक्टरकडे जा, पार्लरच्या काचेवरचं वाचून जाऊ नका. आणि घरात लग्न ठरलं असेल तर बैठकीत हॉल, आचारी, पत्रिका यांच्याबरोबर हाही विषय बोलून घ्या. औषधाचा असर तीन-चार महिने टिकतो, राहिलेल्या मानपानाची आठवण तीस वर्षं. दोन विहिणींपैकी निदान एकीनं तरी आपली आठी जागेवर ठेवावी. दोघींनाही मोह आवरत नसेल, तर रुसव्यांची यादी आधीच लिहून, खाली सह्या करून, याद्यांच्या दिवशीच एकमेकींना देऊन टाकावी.